तटावरच्या दोन विहिणी

लेकीने वाढदिवसाची भेट पाठवली ती अशी: डोंगरमाथ्यावरच्या पुरातन तटबंदीवरून एका रात्रीची पायी सफर, वाटाड्यासकट, जेवणासकट, झोपायच्या पिशवीसकट आणि विहीणबाईंसकट. यातलं शेवटचं 'सकट' संध्याकाळच्या दुसऱ्या फोनवर, सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात घाईत आलं.

"तटबंदी ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "ती बाई कशाला?"

"त्यांनाही कधीची जायची इच्छा आहे, आई. आणि तुला सोबत होईल."

"मला सोबत लागते असं तुला कुणी सांगितलं?"

लेक गप्प बसली. हल्ली ती फोनवर फार गप्प बसायची. आपलं म्हणणं तिला पटलं, असा मॅडमनी त्याचा अर्थ लावला. नकार त्यांच्या अगदी ओठांवर होता; पण मुलीने आपल्याला किल्ला बघायला पाठवायचं ठरवलंय हे सकाळपासून दुकानात येईल त्याला सांगून झालं होतं. आता माघार घेतली तर औषधाच्या दुकानवाला आठवडाभर विचारत बसला असता.

मॅडम म्हणजे चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाई. अख्खी गल्ली त्यांना मॅडम म्हणायची, आणि समोर नसतानाही म्हणायची, इतका धाक. गिऱ्हाईक आत आलं की त्या आधी त्याच्या नाकावर बघत. काचेवर बोटांचे ठसे दिसले की हा माणूस आळशी. फ्रेमची काडी चिकटपट्टीने जोडलेली असली की चिकट. आणि ज्याला चेहराभर मोठ्या फ्रेमची हौस, त्याला अक्कल कमी. हे निकाल त्या मनात ठेवत नसत. स्वतःच्या नवऱ्याचा नंबरही त्यांनी लग्नाआधी स्वतःच काढला होता, आणि पुढे तो असेपर्यंत त्याला धड काही दिसत नाही असंच धरून चालल्या.

जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याच्या नाकावर काळ्या जाड फ्रेमचा चष्मा होता. "द्या, पुसून देते," म्हणून मॅडमनी तो काढून घेतला, उजेडात धरला आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "याला नंबरच नाही. साध्या काचा आहेत."

"स्टाईल म्हणून घालतो," जावई हसून म्हणाला.

"ज्याला लख्ख दिसत असताना चष्मा लागतो, त्याला काहीतरी लपवायचं असतं," मॅडम म्हणाल्या. लेक ताटावरून उठून गेली होती. लग्न तरीही झालं. मॅडम लग्नाला हजर राहिल्या, पण तोंडावर भाव असा, की मला विचाराल तर हे सगळं परत पाठवायचं सामान आहे.

आणि विहीणबाई? विमा कंपनीतून निवृत्त झालेली ही बाई आता नदीतल्या गोट्यांवर फुलं रंगवायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायची. बोलताना समोरच्याचा हात हातात घ्यायची. हात घेतला की सोडायची नाही. मॅडमच्या मते एवढं बोलून एवढं कमी सांगणारी व्यक्ती जगात दुसरी नव्हती.

दुपारी डोंगराच्या पायथ्याशी मोटारी लावायच्या जागेत सगळे जमले. डझनभर माणसं, त्यांच्या पाठीवर नव्या कोऱ्या पिशव्या, आणि मधोमध वाटाड्या. पन्नाशीचा, पोट सुटलेला, आणि अंगावर जुन्या काळच्या शिपायाचा म्हणून शिवलेला लाल झगा. गळ्यात प्लास्टिकचं शिंग. ते त्याने फुंकलं.

"योद्ध्यांनो! तयार आहात?"

"हो!" विहीणबाई सगळ्यांत मोठ्याने ओरडल्या. मॅडमनी आजूबाजूला बघितलं. ही बाई आपल्याबरोबर आहे हे कुणाच्या लक्षात आलं की काय म्हणून.

चढण बरी होती. तट खरोखर मोठा होता. दोन माणसं सहज शेजारी चालतील एवढी रुंद माथ्यावरची वाट, दोन्हीकडे कमरेएवढा कठडा, आणि डोंगराच्या कण्यावरून तो वर-खाली होत लांबवर गेलेला. एवढं कुणी कशासाठी बांधलं असेल असा विचार मॅडमच्या मनात येतच होता, तेवढ्यात वाटाड्याने तो घालवला. पहिल्या बुरुजावर त्याने एका राणीची गोष्ट सांगितली. नवरा लढाईवरून परतला नाही, म्हणून तिने इथून उडी टाकली. दुसऱ्या बुरुजावरून एका राजकन्येने उडी टाकली होती. तिसऱ्यापाशी तो घसा खाकरून "याच ठिकाणी एक दासी" म्हणाला, तशा मॅडम पुढे झाल्या.

"काय हो, या घराण्यात जिन्याने उतरायची पद्धत नव्हती का?"

लोक हसले. वाटाड्याचं तोंड पडलं. विहीणबाई मात्र दगडाला तळहात लावून डोळे मिटून उभ्या होत्या.

"काय करताय?"

"दगड अजून गरम आहे, बघा ना."

"दिवसभर उन्हात होता तो. काय थंड असणार?"

विहीणबाईंनी डोळे उघडले आणि मॅडमकडे बघितलं. नेहमीसारखं हसल्या नाहीत. मॅडमना ते जरा खटकलं, पण तेवढ्यापुरतंच.

ऊन उतरलं तसे सगळे जेवायला थांबले. पावाचे थंड सँडविच आणि थर्मासमधलं सूप. मॅडम कठड्याला टेकून बसल्या. विहीणबाई अगदी शेजारी येऊन बसल्या आणि नेमाप्रमाणे त्यांनी मॅडमचा हात हातात घेतला.

"विहीणबाई, एक सांगायचंय. मध्ये बोलू नका."

"बोला."

"माझा मुलगा घर सोडून गेलाय. दोन महिने होत आले."

"दौऱ्यावर?"

"नाही हो. सोडूनच गेलाय. दोघं वेगळे झालेत."

मॅडमनी हात सोडवून घेतला. "आणि माझी मुलगी? ती कुठे आहे?"

"माझ्याकडे आहे. आम्ही दोघीच असतो."

आधी मॅडमना हे वाक्य कळलंच नाही. नवरा गेल्यावर बायको सासूजवळ राहिली, हे एखाद्या चुकीच्या नंबरच्या चष्म्यातून वाचल्यासारखं अक्षर अक्षर पुढे-मागे होत राहिलं. मग एकदम लख्ख दिसलं. लेकीची खोली त्यांच्या घरात होती तशीच होती. पलंग, टेबल, खिडकीतला दिवा. बसने जेमतेम अर्ध्या तासाचं अंतर. ती खोली सोडून पोर या गोटे रंगवणाऱ्या बाईकडे राहिली होती, आणि दर रविवारी आईला फोन करून सगळं ठीक आहे म्हणत होती.

मॅडम उठल्या. सँडविच कठड्यावरच ठेवलं, पिशवी खांद्याला लावली.

"कुठे निघालात?"

"घरी."

"अहो, अंधार पडेल!"

"मला दिसतं," मॅडम म्हणाल्या आणि आल्या वाटेने चालू लागल्या. मागून शिंग वाजलं, वाटाड्याने "योद्ध्या! ओ योद्ध्या!" अशी हाक मारली. असल्या हाकेला ओ देण्याइतक्या त्या खाली उतरल्या नव्हत्या.

राग असला की पाय भराभर पडतात. एक बुरूज मागे पडला. मॅडमच्या मनात एकेकाचा पंचनामा चालला होता. जावयाचा तर कधीच झाला होता, त्याच्यावर आता नुसता शिक्का मारायचा होता. विहीणबाई म्हणजे गोडबोली घरभेदी. लेक म्हणजे... इथे मात्र शब्द सापडेना. मूर्ख म्हणावं, तर ती मूर्ख नव्हती. लिफ्टच्या कंपनीत तपासनीस होती. मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्ट तिच्या सहीशिवाय चालू होत नसत. मग कृतघ्न म्हणावं का? मॅडमनी तो शब्द जिभेवर घोळवून पाहिला, आणि तेवढ्यात समोर लोखंडी दार आलं.

येताना ते उघडं होतं. आता त्याला हाताएवढं कुलूप लागलेलं होतं. मॅडमनी दार हलवलं, मग दोन्ही हातांनी गदागदा हलवलं. फोन काढून बघितला तर रेंज नाही. कठड्याच्या पलीकडे बघितलं. राणी, राजकन्या आणि दासी या तिघींना जे जमलं ते आपल्याला जमण्यासारखं नाही, एवढं त्यांना दिसलं. शेवटी त्या पायरीवर बसल्या. संध्याकाळ झाली होती, वारा सुटला होता, आणि या बसलेल्या अवस्थेत आपण किती हास्यास्पद दिसत असू हे दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर त्यांनी झकास सांगितलं असतं.

थोड्या वेळाने कपाळावर दिवा बांधलेली एक आकृती धापा टाकत आली.

"दिवा खाली करा, डोळ्यात जातोय," मॅडम म्हणाल्या.

विहीणबाईंनी दिवा खाली केला आणि शेजारी बसल्या. या खेपेला हात धरला नाही.

"इथे कुलूप असतं हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो. कंपनीला आधी विचारून घेतलं होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय! दुकानात येऊन सांगितलं असतं तर तुम्ही मला गिऱ्हाइकांसमोर बाहेर काढलं असतं. घरी बोलावलं असतं तर तुम्ही आला नसता. चार वर्षांत एकदा तरी आलात का? इथे मात्र सकाळपर्यंत माझ्यापासून तुमची सुटका नाही. ही सफर माझीच कल्पना. तिने फक्त पाठवलं."

मॅडमनी तिच्याकडे बघितलं. एवढं पद्धतशीर डोकं या बाईचं आहे यावर त्यांचा विश्वास बसेना.

"काय केलं त्याने?"

विहीणबाईंनी सांगितलं. मुलाची नोकरी कधीच सुटली होती. तो रोज सकाळी डबा घेऊन निघायचा आणि संध्याकाळी परतायचा. एक दिवस त्या पडदे बघायला फर्निचरच्या भल्यामोठ्या दुकानात गेल्या. तिथे नमुन्यादाखल खोल्या मांडून ठेवतात ना, तशा एका दिवाणखान्यात, पुठ्ठ्याच्या पुस्तकांच्या कपाटाशेजारी, त्यांचा मुलगा सोफ्यावर बसून लॅपटॉपवर सिनेमा बघत होता. दुकानातली पोरं त्याला ओळखत होती. एकाने तर त्याला नावाने हाक मारली.

"मला म्हणाला, आई, तिला सांगू नकोस. मी सांगितलं. पोटच्या पोराची चुगली केली मी, विहीणबाई. त्या रात्री तो तिलाच बोलला. तिच्या कामाबद्दल बोलला, मिजाशीबद्दल बोलला. तुमचाही उद्धार केला."

"माझा?"

"तुमचा सगळ्यात जास्त."

मॅडमना, खोटं कशाला बोला, थोडं बरं वाटलं.

"मग म्हणाला, या घरात एक तर ही राहील, नाही तर मी. मी म्हटलं, घर माझं आहे, तू बॅग भर."

वाऱ्याने दार कुरकुरलं. खूप खाली, दरीच्या पार पलीकडे, एका रस्त्यावर दिवे लागत होते.

"पण मला का नाही सांगितलं तिने?" मॅडम म्हणाल्या. आवाज त्यांना हवा होता तेवढा कडक आला नाही.

"तुम्ही काय म्हणाला असता?"

मॅडमनी तोंड उघडलं. 'मी सांगत होते!' ते शब्द तिथे तयारच होते, कधीचे, पुसून-बिसून ठेवल्यासारखे.

"बघा," विहीणबाई म्हणाल्या. "अजून बाहेर पडलंही नाही, तरी मला ऐकू आलं. तिला तर ते झोपेत ऐकू येतं."

"मग आता मी दुष्ट ठरले."

"दुष्ट कुठे म्हटलं मी? तुम्ही मला मूर्ख समजता, ठाऊक आहे मला. मी त्याचं काही वाटून घेत नाही. विमा कंपनीत पस्तीस वर्षं खिडकीवर बसलेय, लोकांनी याहून वाईट समजलंय. पण तुमच्यासमोरून उठलं ना, की माणसाला आपण टाकाऊ फ्रेम असल्यासारखं वाटतं. ती लहानपणापासून तुमच्यासमोर बसलीय. कंटाळली हो पोर."

मॅडमना उत्तर सुचलं नाही असं नाही. तीन-चार सुचली, सगळी चांगली झणझणीत. पण ती द्यायची तर समोर जी बाई बसली होती तिनेच आपल्या मुलीला सांभाळलं होतं, स्वतःच्या मुलाला बाहेर काढून. आणि याला कुठल्या कोनातून नावं ठेवायची ते सापडेना. त्या उठल्या. परत जाताना वाट उतरती होती तिथे विहीणबाईंनी हात पुढे केला. मॅडमनी तो घेतला, पण बुरूज दिसताच सोडला.

बुरुजातली रात्र ज्या लायकीची होती तशीच गेली. झोपायच्या पिशव्यांना मागच्या योद्ध्यांचा वास होता. वाटाड्या झगा पांघरून असा घोरला की शिंग फुंकायची गरजच काय होती असं वाटावं.

पहाटे त्याने सगळ्यांना उठवून सूर्योदय बघायला ओळीत उभं केलं आणि छातीवर हात ठेवून काहीतरी यमक जुळवलेलं म्हणायला सुरुवात केली. मॅडमनी मान फिरवली. विहीणबाई ओळीत नव्हत्या. त्या मागे, कठड्याच्या कोपऱ्यात तोंड करून उभ्या होत्या, आणि त्यांचे खांदे हलत होते. मॅडम तिथे गेल्या, पण काय करायचं ते न कळून नुसत्याच उभ्या राहिल्या.

"आज त्याचा इंटरव्ह्यू आहे," विहीणबाई म्हणाल्या. "मला कळवलं नाही त्याने. त्याच्या मित्राकडून कळलं. तो मला फोन करत नाही." त्यांनी चष्मा काढून जाकिटाच्या टोकाने खसाखसा पुसायला घेतला.

हे मात्र मॅडमना बघवलं नाही. "अहो, असं पुसतात? चरे पडतात. द्या इकडे." त्यांनी चष्मा घेतला. काचा चऱ्यांनी इतक्या भरलेल्या होत्या की या बाईला गेली दोन-चार वर्षं जग धुक्यात दिसत असणार. फ्रेम एका बाजूला कलली होती. नाकावर तिने लाल खूण पाडली होती. "कुणी दिला हा चष्मा तुम्हाला? त्याला दुकानासकट बुडवला पाहिजे." मॅडमनी रुमालाने काचा हळूच टिपल्या, काड्या दोन्ही हातांनी धरून अंदाजाने सरळ केल्या आणि चष्मा विहीणबाईंच्या नाकावर स्वतः बसवला, कानामागे बोट घालून, गिऱ्हाइकाला बसवतात तसा. "सोमवारी दुकानात या. नंबर काढू."

"बाहेर नाही ना काढणार?"

"काचा बघून ठरवीन," मॅडम म्हणाल्या.

खाली मोटारी लावायच्या जागेत लेक उभी होती. वाळली होती. केस मानेपर्यंत कापलेले, एक बाजू दुसरीपेक्षा बोटभर लांब. येताना वाटेत मॅडमनी ठरवलं होतं, तोंड उघडायचं नाही. पण जित्याची खोड.

"हे केस कुणी कापले? डोळे मिटून कापले का?"

"माईंनी कापले," लेक म्हणाली. सासूला ती माई म्हणायची.

"माझ्या त्या चष्म्यातून," विहीणबाई म्हणाल्या.

लेकीने एकीकडून दुसरीकडे बघितलं. दोघी अजून जिवंत आहेत आणि बोलताहेत, एवढंच तिला हवं असावं. तिने दोघींच्या पिशव्या उचलून मागे टाकल्या. गाडीत तट कसा होता असं तिने विचारलं. मॅडम म्हणाल्या, तट चांगला आहे, त्याच्यावर सोडलेली माणसं वाईट आहेत. विहीणबाई पुढच्या सीटवर आ वासून झोपी गेल्या.

विहीणबाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. मॅडम पहिल्यांदाच त्या जिन्यासमोर उभ्या राहिल्या. पोटऱ्या दगड झाल्या होत्या. "लिफ्टवाल्या बाईच्या इमारतीला लिफ्ट नाही," त्या म्हणाल्या, आणि कठडा धरून एकेक पायरी चढू लागल्या. लेकीने मागून कोपराला हात लावला. तो त्यांनी झटकला नाही.

स्वयंपाकघर लहान होतं. टेबलाशी दोन खुर्च्या, तिसरी आतून आणावी लागली. खिडकीत लेकीचं कामाचं पिवळं हेल्मेट वाळत ठेवलेलं होतं. विहीणबाई अंघोळीला गेल्या. लेकीने चहा केला, समोर ठेवला आणि हात छातीशी बांधून ओट्याला टेकून उभी राहिली.

"बोल ना, आई. एकदा बोलून टाक."

"काय?"

"तेच. सांगत होते मी."

मॅडमनी कपात बघितलं. मग वर लेकीकडे बघितलं.

"सांगत होतेच मी," त्या म्हणाल्या. "पण मी सगळ्यांबद्दलच तसं सांगते. तुझ्या बाबांबद्दल सांगितलं, तुझ्या सगळ्या मैत्रिणींबद्दल सांगितलं, त्या औषधवाल्याबद्दल रोज सांगते. शंभर जणांना नावं ठेवली की एखाद्याच्या बाबतीत खरं ठरणारच. त्यात माझी कसली हुशारी?"

 लेकीच्या नाकातून एक आवाज आला, हसण्याचा की रडण्याचा ते मॅडमना कळलं नाही, कारण तिने तोंड ओट्याकडे फिरवलं होतं. नळ सोडून ती स्वच्छ असलेली पातेली विसळू लागली.

"मी इथेच राहणार आहे," ती पाठमोरीच म्हणाली. "सध्या तरी."

"राहा. तुझी खोली आहे तशी आहे, एवढंच सांगते. धूळ पुसते मी." मॅडमनी चहाचा घोट घेतला. "चहा पाणचट झालाय."

"मी केलाय तो."

"म्हणूनच सांगतेय. दुसऱ्या कुणी केला असता तर प्यायलाच नसता."

लेकीने नळ बंद केला, ओल्या हातानेच खुर्ची ओढली आणि आईच्या समोर बसली. "अजून अर्धा कप देऊ?" तिने विचारलं.

"दे," मॅडम म्हणाल्या. "पण पावडर नीट घाल."